एकशे चव्वेचाळीस ठोके

३ फेब्रुवारी

ताई,

सोबत कॅसेट पाठवतोय. कापसात गुंडाळलीय, कारण तुमच्याकडच्या पोस्टमनचा हात मला माहीत आहे. मागच्या वेळचा चष्मा अजून विसरलो नाही.

तोंडानं मी चार वाक्यं बोलत नाही आणि कागदावर चार पानं थांबत नाही, हे तुझं जुनं गाऱ्हाणं. तेव्हा आधीच सांगतो, पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

आमच्या चौकडीनं नवीन रचना घेतलीय. नवीन म्हणजे आमच्यासाठी नवीन, लिहिणारा कधीच गेला. सव्वीस मिनिटांची आहे. तुला एकोणीस वर्षं सांगतोय तरी तू माझ्या वाद्याला व्हायोलिनच म्हणतेस, म्हणून पुन्हा सांगतो: दोन व्हायोलिन, एक चेलो आणि मधे मी, व्हायोला. व्हायोलिनपेक्षा जरा मोठा आणि घोगरा. आम्ही एकमेकांना नावानं हाकसुद्धा मारत नाही, खुर्चीनं मारतो. पहिले, दुसरी आणि चेलोवाले. पहिल्यांचा शब्द शेवटचा, दुसरी सगळ्यांची मनं राखते आणि चेलोवाले सत्तरीचे आहेत, त्यांना कशाचंच काही वाटत नाही.

तर ही रचना त्या तिघांना भयंकर आवडलीय आणि मला अजिबात आवडत नाहीये. दोन महिने झाले. वाजवता येत नाही असं नाही, बोटं बरोबर पडतात. पण आनंद म्हणून जो असतो तो शोधूनही सापडत नाही. एक सूर इकडे, एक तिकडे, कुणाचा कुणाला पत्ता नाही. मी हे पहिल्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ज्याला आवडत नाही त्यानं त्या खुर्चीत बसू नये, श्रोत्यांना कळतं. ही रचना लिहिणाऱ्याच्याच आणखी पाच रचना पुढची दोन वर्षं वाजवायच्यात. राहणार की जाणार, ते पंधरा मार्चपर्यंत कळवायचंय. वीस एप्रिलला पहिला कार्यक्रम आहे.

ताई, एकोणीस वर्षं त्या खुर्चीत बसलोय. दुसरं काही येत नाही मला. पण जे आवडत नाही ते आवडल्यासारखं करणंही येत नाही.

तू संगीत शिकली नाहीस आणि मला आजवर कधी बरं वाटावं म्हणून काही बोललेलीही नाहीस. ऐक आणि सांग, ह्यात काही आहे का. तुलाही काही सापडलं नाही, तर मी त्यांना तसं सांगून मोकळा होतो.

तुझा
घुम्या

*

१९ फेब्रुवारी

घुम्या,

कॅसेट धड पोचली. कापूस कामाला आला, त्यानंच मी भट्टीची काच पुसली.

कामाचा डोंगर आहे. दातांच्या डॉक्टरांनी एका आठवड्यात नऊ कवळ्या सांगितल्यात, जणू गावातल्या लोकांनी ठरवून एकदम दात काढले. सकाळी प्लास्टरचे साचे ओतते, दुपारी मेणात दात लावते आणि संध्याकाळी घासायला बसते. तुझी कॅसेट दुपारची लावते, दात लावताना. तेव्हा यंत्र चालू नसतं. आजवर अकरा वेळा ऐकली. तुझ्यासाठी म्हणून ऐकली, हौस म्हणून नाही, हे लिहून ठेव.

पहिल्या वेळी मला वाटलं टेपरेकॉर्डर बिघडला. सूर येतात आणि मग काहीच नाही. मी उठून बटणं दाबली, मागची तार हलवली, तेवढ्यात पुन्हा एक सूर आला आणि माझ्या हातातल्या सुळ्याची जागा चुकली. चार माणसं वाजवतात आणि आवाज एकाचाच वाटतो, ही तुमची कला असेल तर मानलं तुम्हाला. मधेमधे कोणीतरी पाढे म्हटल्यासारखं पुटपुटतं. तेही त्यानं लिहून ठेवलंय का?

आवडलं का विचारशील तर नाही आवडलं. अख्ख्या सव्वीस मिनिटांत एकच माणूस आहे. त्याला काहीतरी सांगायचंय आणि त्याचं कुणी ऐकत नाही. तो थोडं बोलतो, थांबतो, कुणी उत्तर देत नाही, मग पुन्हा तोच बोलतो. मला त्याची दया आली आणि थोडा रागही आला. अरे, नाही ना ऐकत कोणी, मग घरी जा ना.

एक जागा मात्र लक्षात राहिली. शेवटाकडे फार लांब शांतता आहे, माझे वरचे सहा दात लावून होतात एवढी. मग दोनच सूर येतात, एक खाली आणि एक जरासा वर, प्रश्न विचारल्यासारखे. ते ऐकले की मला आपल्या न्हाणीघराचं दार आठवतं. तू चार वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतंस, आई तुला डॉक्टर डॉक्टर करत फिरवत होती. मी नऊ वर्षांची, दार लावून कपडे धूत होते आणि बाहेरून कोणीतरी म्हणालं, ‘आहेस?’ मी म्हटलं, ‘आहे.’ तू निघून गेलास. तो तुझा पहिला शब्द. आई मला आठवडाभर खोटारडी म्हणत होती.

तर ते दोन सूर तसे आहेत. बाकी माझ्या डोक्यावरून गेलं. खरं विचारलंस, खरं सांगितलं. जेवणखाण वेळेवर कर.

ताई

*

२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला जे दोन महिने सांगता येत नव्हतं ते तू दात लावता लावता सांगून टाकलंस. एकच माणूस आणि त्याचं कुणी ऐकत नाही. अगदी तसंच वाटतं मला त्या खुर्चीत. चौघं वाजवतो, पण मी एकटा असतो. ते तिघं कुठल्यातरी दुसऱ्याच खोलीत असल्यासारखे वाटतात.

पुटपुटणारा मीच. मोजत असतो. तू म्हणतेस ती शांतता माझ्या वाट्याची आहे, एकशे चव्वेचाळीस ठोके मी गप्प आणि मग ते दोन सूर. एक ठोका चुकला की सगळं कोसळलं. म्हणून डोळे मिटून मोजतो. दुसरी चिडते, म्हणते ओठ मिटून मोज.

तू म्हणतेस, नाही ऐकत तर घरी जा. तेच करतोय. पहिले बाहेरगावी गेलेत, दहा तारखेला रविवारी सगळे भेटू तेव्हा सांगणार आहे. तिथून पुढे काय करायचं ते बघू. शाळेत शिकवीन म्हणतो. मुलांना शिकवायला बोलावं लागतं, तेवढं एक अवघड जाईल.

खरं सांगू, निर्णय झाल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही.  पण आता ती शेवटची जागा पुन्हा वाजवायची नाही, जिथे चौघं एकदम ओरडतात, हे बरं आहे. त्या जागेला मी अजूनही दचकतो. तू कशी दचकली नाहीस याचंच आश्चर्य वाटतं.

घुम्या

*

७ मार्च

घुम्या,

थांब. रविवारच्या आत हे पत्र मिळालं तर त्यांना काही सांगू नकोस. मिळालं नाही तर माझं नशीब आणि तुझं डोकं.

तुझं पत्र आज दुपारी आलं. चौघं एकदम ओरडतात असं लिहिलंस आणि मी विचारात पडले. मी ती कॅसेट तोपर्यंत वीस वेळा ऐकली असेल, माझ्या कॅसेटमध्ये कुणी ओरडत नाही. शेवटी तर तुझे चार फुसके सूर येतात आणि खुर्ची करकरते. काम बाजूला टाकलं, पुन्हा लावली. नाही ओरडत. मग कॅसेट काढून हातात धरली. दोन्ही बाजूंना तू काहीही लिहिलेलं नाहीस. उलटी करून लावली.

अरे शहाण्या, दुसऱ्या बाजूला चौघं आहेत. मी तीन आठवडे तुला एकट्याला ऐकत होते.

माझी चूक अर्धी आहे. पाकिटातून निघाली तशी लावली, कॅसेटला दोन बाजू असतात हे मला माहीत नाही असं नाही. पण अर्धी तुझी आहे. सरावासाठी तुझ्या एकट्याच्या भागाचा टेप त्याच कॅसेटवर कशाला करायचा आणि केलास तर लिहायला काय हात मोडले होते?

आता मुद्द्याचं. मी म्हटलं होतं एकच माणूस आहे आणि त्याचं कुणी ऐकत नाही. ते खोटं आहे. ते मी खोटं बोलले नाही, पण ते खोटं आहे. बाकीचे तिघं तिथं नव्हतेच, ऐकणार कोण? खालची कवळी एकटी टेबलावर ठेवली तर ती हसतेय की रडतेय हे मलाही सांगता येत नाही, पंचवीस वर्षं बनवतेय तरी. वरची बसवल्याशिवाय चावा कळत नाही.

चौघांची बाजू ऐकली, एका बैठकीत चार वेळा. आवडली नाही. भयंकर गोंगाट आहे, घासायची चार यंत्रं एकदम चालू केल्यासारखा. त्या ओरडण्याला मी दचकले, मेणाचं भांडं सांडलं. पण घुम्या, तुझा भाग मला पाठ झालाय. माझ्याइतका तो त्या तिघांनासुद्धा पाठ नसेल. आता तू कुठे येणार ते मला आधी कळतं. तर मी त्या एकशे चव्वेचाळीसची वाट बघत बसले. तू गप्प असतोस तेव्हा ते तिघं भांडत असतात. कडाक्याचं भांडण. मग तुझे दोन सूर येतात आणि तिघंही थांबतात. एकदम गप्प. आणि मग आधी चेलो, मग दुसरी, मग पहिले, तेच तुझे दोन सूर घेतात. तू विचारतोस आणि तिघं एकेक करून उत्तर देतात. नंतरचं सगळं त्यातूनच निघतं.

मला हे कळलं, दात लावणाऱ्या बाईला. तुला दोन महिन्यांत कळलं नाही, कारण तू मोजत असतोस. त्या बाजूलाही तुझं पुटपुटणं ऐकू येतं, एकशे बारा, एकशे तेरा. तू वाजवतोस आणि मोजतोस. ऐकत नाहीस.

मला ती रचना आवडत नाही आणि आवडणारही नाही. पण मला न आवडण्याचं कारण गोंगाट आहे. तुझं कारण तुझ्याजवळ आहे का, ते आधी बघ. मग जायचं तर खुशाल जा.

ताई

*

१३ मार्च

ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी रविवारी सांगून बसलो होतो.

कसं झालं ते सांगतो. सरावानंतर उभा राहिलो आणि म्हटलं की मी जाणार. कारणंही सांगितली, सहा-सात वाक्यं झाली असतील. दुसरी तोंडाचा आ करून बघत राहिली, मी एवढं बोलतो हे तिला माहीतच नव्हतं. चेलोवाल्यांनी विचारलं की घशाला काही झालंय का. पहिल्यांनी मात्र गजाला लावायची राळ डबीत ठेवली, डबी बंद केली आणि म्हणाले, ‘लिहून दे.’ आमच्यात तशी रीत आहे. तोंडी ठरलेलं काही धरत नाहीत, कारण तोंडी आम्ही दर महिन्याला चौकडी मोडतो.

सोमवारी लिहायलाच बसलो होतो. तुला चार-चार पानं लिहिणारा मी, त्या चार ओळी होईनात. ‘मी स्वखुशीने’ एवढं लिहून थांबलो. तेवढ्यात पोस्टमन आला.

आधी मला तुझा राग आला. मग हसू आलं, वीस वेळा ऐकलंस म्हणून. मग माझ्याकडच्या मूळ टेपची चौघांची बाजू लावली आणि ऐकत बसलो. खुर्चीत बसून नाही, माणसासारखा पलंगावर पडून. तू म्हणतेस तसं आहे. ते तिघं थांबतात. एवढं ऐकायला मला दातांच्या साच्यांपर्यंत कॅसेट पाठवावी लागली याची लाज वाटली. मोठी लाज वाटली, ताई.

काल मंगळवारी सरावाला गेलो आणि मोजलं नाही. साफ चुकलो. नऊ-दहा ठोके उशिरा आलो, सगळं विस्कटलं. पण एक गोष्ट दिसली. डोळे उघडे होते म्हणून दिसली. माझी वेळ आली की दुसरी हनुवटी वर करते, माझ्याकडे बघते आणि श्वास घेते. नंतर तिला विचारलं, हे कधीपासून करतेस. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून, प्रत्येक रचनेत. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस. म्हणाली, तुझे डोळे मिटलेले असायचे, मला वाटलं मोजण्यात तल्लीन झालायस.

पहिल्यांना म्हटलं, वीस एप्रिलपर्यंत मुदत द्या. ते म्हणाले ठीक आहे. त्या चार ओळी लिहून पाकीट कार्यक्रमाला घेऊन यायचं. वाजवून झालं की द्यायचं किंवा द्यायचं नाही, त्यावर नंतर एक शब्द बोलायचा नाही.

मी चार ओळी पूर्ण केल्यात. पाकीट पेटीत ठेवलंय, व्हायोलाच्या खाली. कारण रचना अजूनही सगळी आवडत नाही. मधली आठ मिनिटं तर कोरडी लागतात, आणि न मोजता ती जागा साधेल याची खात्री नाही. मोजलं तर साधते, पण मग ऐकू येत नाही. वीस तारखेला येशील का?

घुम्या

*

२६ मार्च

घुम्या,

येईन. तिसऱ्या रांगेत कडेची जागा ठेव, माझे गुडघे आखडतात. कार्यक्रम संपला की लगेच निघेन, परतीची शेवटची बस सात वाजता आहे आणि सोमवारी पाच साचे द्यायचेत. तेव्हा भेटायला वगैरे थांबणार नाही. पाकिटाचं काय करायचं ते मला विचारू नकोस, मी काही बोलणार नाही. एकदा बोलून तुला घरी पाठवत होते.

ताई

*

२३ एप्रिल

घुम्या,

बस मिळाली. बसायला जागाही मिळाली.

तुला खरं ऐकायचं असतं म्हणून सांगते. तिसऱ्यांदा सांगते, मला ती रचना आवडली नाही. माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ पहिल्या पाच मिनिटांत झोपला आणि त्या ओरडण्याला उठून टाळ्या वाजवू लागला. मला त्याचं कौतुक वाटलं. मधली आठ मिनिटं कोरडी आहेत, तू म्हणतोस ते बरोबर.

तुझा कोट खांद्यात उसवलाय, शिवून घे. दुसरी दिसायला चांगली बाई आहे, तिला माझा नमस्कार सांग. ती हनुवटी वर करते ते मी पाहिलं. चेलोवाल्यांची वरची कवळी कुणी बनवलीय? वाजवताना ओठ आत ओढून ती सावरत असतात बिचारे. ढिली आहे. तिसऱ्या रांगेतून दिसतं म्हणजे बघ. माझ्याकडे पाठव.

एकशे चव्वेचाळीसच्या वेळी गंमत झाली. मीच मोजत होते. सत्तर-पंचाहत्तरपर्यंत गेले आणि लक्षात आलं की आता ह्या घुम्यासारखं मीच करायला लागले, म्हणून सोडून दिलं. तुझ्याकडे बघितलं. ओठ हलत नव्हते, डोळे उघडे होते. मला वाटलं, हा आता चुकतोय. पुढचं तुला माहीतच आहे. तेव्हाच मला खोकला आला, धूळ फार होती तिथं. शेजारच्या बाईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तुला त्रास झाला नसेल अशी आशा आहे.

पाकिटाचं काय झालं? विचारणार नव्हते. तीन दिवस विचारलं नाही, तेवढं पुरे.

ताई

*

२९ एप्रिल

ताई,

तुला आयुष्यात पहिल्यांदा पकडलं. खोकला नव्हता तो.

मी मोजत नव्हतो. ते तिघं भांडत होते आणि मी ऐकत होतो. मला वाटतं, पहिल्यांदाच मला त्या भांडणात मजा वाटत होती. पहिले काय म्हणतात, चेलोवाले त्यांना कसे तोडतात, सगळं कळत होतं. मग दुसरीनं हनुवटी वर केली. मी दोन सूर वाजवले. तिघं थांबले. चेलोवाले गज उचलणार, त्याच्या आधी अर्धा ठोका सगळं गप्प असतं, तुला माहीत आहे. त्या गप्पपणात तिसऱ्या रांगेतून, कडेच्या खुर्चीतून कोणीतरी हळूच म्हणालं, ‘आहे.’

मोजत असतो तर ऐकू आलं नसतं.

माझा पुढचा एक सूर खाली लागला. पहिल्यांनी भुवई उंचावली. नंतर हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, तिथं कोण बोललं. मी म्हटलं, माझी बहीण. ते म्हणाले, त्यांना प्रत्येक कार्यक्रमाला बोलावत जा. आणि मग पाकिटासाठी हात पुढे केला. मी हात तसाच राहू दिला, वाद्य पेटीत ठेवलं. त्यांनी हात मागे घेतला. ठरल्याप्रमाणे कुणी एक शब्द बोललं नाही.

रचना अजून सगळी आवडत नाही. सव्वीसपैकी अठरा मिनिटं आवडते. ती कोरडी आठ मिनिटंही माझीच चूक आहे का, की त्यानंच वाईट लिहिलीत, ते आता निवांत बघता येईल. दोन वर्षं आहेत हातात.

कोट शिवला. चेलोवाले विचारतात, दात दाखवायला कधी येऊ. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतो, त्यांना एकटं बसप्रवास जमत नाही.

सोबत ते पाकीट ठेवलंय. फोडू नकोस. मेण गरम करतेस तेव्हा टेबलावर खाली घालायला चांगला जाड कागद आहे.

तुझा
घुम्या